लाखांचा ॲम्प आणि कानांचा हिशेब

अमेरिकेत हॉवर्ड अलेक्झांडर डंबल नावाचे एक गृहस्थ होते. गिटारचे ॲम्प्लिफायर ते एकेक करून हाताने बांधत आणि आतली जोडणी कोणाला उतरवून घेता येऊ नये म्हणून तिच्यावर इपॉक्सीचा थर ओतत. २०२२ साली ते गेले. त्यांच्या एखाद्या ॲम्पसाठी आज लाख डॉलरच्याही पुढे किंमत मागितली जाते. तितके नाही, तरी छोट्या कारखान्यांत हाताने बांधलेले ‘बुटीक’ ॲम्प तीन-चार हजार डॉलरना सर्रास विकले जातात. म्हणजे आयात शुल्क धरण्याआधीच अडीच-तीन लाख रुपये झाले. इतक्या पैशांत नेमके काय मिळते?

यातले बहुतेक ॲम्प व्हॉल्व्हचे असतात. आजोबांच्या रेडिओत असत तेच हे काचेचे दिवे. लावल्यावर गरम व्हायला वेळ घेणारे. ट्रान्झिस्टरने त्यांना जवळजवळ सगळीकडून हद्दपार केले, गिटारवाल्यांनी मात्र सोडले नाही. त्याला कारण आहे. पेलवेल त्यापेक्षा जास्त संदेश आला की साधे ट्रान्झिस्टर सर्किट लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करते. व्हॉल्व्ह आणि त्यामागचा ट्रान्सफॉर्मर तोच माथा हळूहळू गोलसर करत नेतात. दोन्हींत मूळ स्वरात नसलेले उपस्वर मिसळतात, पण त्यांचे प्रमाण वेगळे असते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जव्हारी लावताना आपणही उपस्वरच उठावदार करतो. तेव्हा ‘व्हॉल्व्हचा आवाज वेगळा’ हे म्हणणे काही भाबडे नाही.

मात्र यात गुपित असे फारसे उरलेले नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांनी आपला पहिला ॲम्प काढला, तो फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ची जवळजवळ नक्कल होता. आजचे कित्येक बुटीक ॲम्प याच दोन-तीन जुन्या घराण्यांतले आहेत.

मग मधल्या किमतीच्या आणि महागड्या ॲम्पमध्ये जो फरक जाणवतो, तो कुठून येतो? काही अंशी डोळ्यांतून आणि किमतीच्या चिठ्ठीतून. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे क्लोडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून, जुनी आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटी टेकण्याच्या जागी अत्तराचा थेंबही लावला होता. बहुतेकांची पसंती नव्या व्हायोलिनला गेली आणि सर्वांत नावडते ठरले एक स्ट्रॅडिव्हेरियस! ॲम्पच्या दुकानात असे गॉगल कोणी देत नाही.

दुसरा चकवा आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच भरीव वाटू लागतात. त्यामुळे दोन ॲम्पपैकी जो किंचित मोठा लावलेला असेल, तोच ‘उजवा’ ठरतो. तुलना करायचीच, तर मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने दोन्ही सारख्या पातळीवर आणा, मित्राला तारा बदलायला सांगा आणि स्वतः पाठ फिरवून ऐका.

महागड्या ॲम्पमध्ये काहीच नसते असे मात्र नाही. चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर महाग असतो. स्वस्त ॲम्पमध्ये व्हॉल्व्हची बैठक थेट छापील पट्टीवर बसवलेली असेल, तर उष्णतेने डाग सुटतात. हाताने जोडलेल्या ॲम्पमध्ये प्रत्येक भाग वेगळा काढून बदलता येतो. दुरुस्ती सोपी, आयुष्य मोठे, पुन्हा विकताना किंमतही बरी. पैसे मोजायचे तर यासाठी मोजावेत. नुसत्या स्वरासाठी माझे मत सरळ आहे: आधी स्पीकर बदलून पाहा. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे जवळजवळ सगळे गाळून टाकतो. स्वराची मोठी घडण तिथे होते आणि तो ॲम्पच्या तुलनेत किरकोळ किमतीत मिळतो. (व्हॉल्व्ह ॲम्पचे झाकण मात्र स्वतः उघडू नका, बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट साठून राहू शकतात.)

या सगळ्या चर्चेत एक खर्च कोणी धरत नाही, तो कानांचा. व्हॉल्व्ह ॲम्पची गोडी तो जोरात चालवल्याशिवाय येत नाही. गिटारचा चांगला स्पीकर अवघ्या एका वॉटला, एक मीटरवर, ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटे! ४० वॉटचा ॲम्प पूर्ण उघडला की आकडा ११२ च्या वर जातो आणि मुभा उरते मिनिटभराहून कमी. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज आणखी भर घालतो.

आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी सुमारे १५ हजार. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ‘द हू’चे पीट टाउनशेंड, ज्यांच्यासाठी मार्शल यांनी १०० वॉटचे ॲम्प बांधले, कान वाजण्याच्या आणि बहिरेपणाच्या त्रासाबद्दल अनेक वर्षे उघडपणे बोलत आले आहेत. पहिल्यांदा जातात ते वरचे स्वर. म्हणजे अडीच-तीन लाख मोजून जो बारीक फरक विकत घेतला, नेमका तोच टिपणाऱ्या पेशी.

घरी वाजवायला एक ते पाच वॉटचा ॲम्प पुरतो. तोही कानाच्या उंचीवर न ठेवता बाजूला वळवून ठेवावा. वादकांसाठी सगळे स्वर सारखेच कमी करणारे इअरप्लग मिळतात. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. तालमीनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम काढून घ्यावा, आणि तोवर ॲम्प बंदच ठेवावा.