२०० फुटांच्या खाली

बीड जिल्ह्यात उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्यांची घरघर सुरू होते. यातल्या कितीतरी गाड्या तामिळनाडू पासिंगच्या. फुटावर भाव ठरतो, नारळ फुटतो आणि रॉडला रॉड जोडत काम खाली सरकू लागते. आधी मुरूम बाहेर पडतो, मग काळ्या पाषाणाचा करडा फुफाटा. २०० फूट होतात, ३०० होतात. फुफाटा काही ओला होत नाही. शेतकरी म्हणतो, ‘मार अजून शंभर.’

कायद्याने हे काम २०० फुटांवरच थांबायला हवे. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमाला २०१३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. बोअरच्या गाड्यांची नोंदणीही त्यात सक्तीची केली आहे.

२०० फुटांचा आकडा उगाच आलेला नाही. जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगांतला खडक बेसाल्टचा. पावसाचे पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी भरतात त्या याच साठ्यावर. त्याखालच्या टणक पाषाणात पाणी कुठेतरी एखाद्या फटीत सापडते, तेही पुष्कळ वर्षांत मुरलेले. उपसायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र पावसाळ्यांमागून पावसाळे जातात. त्यात खोल बोअरने वरचा थर भेदला, की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही खाली ओढले जाऊ शकते. मग शेजारीही गाडी बोलावतो.

बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे आहे. उभी मोसंबी जळताना पाहणाऱ्या माणसाला कायद्याचे कलम थांबवू शकत नाही. खरा उपसा होतो तो वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ शेतात उभ्या राहणाऱ्या उसासाठी. जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आहे. ते आटले तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पिकाला हात न लावता नुसती बोअरची खोली मोजत बसणे म्हणूनच अपुरे आहे.

बीड शहराजवळची खजाना विहीर याच जिल्ह्यातली, सोळाव्या शतकातल्या निजामशाही काळातली. भुयारी मार्गाने पाणी तिच्यात येते आणि दुसऱ्या भुयाराने, जमिनीच्या उतारावर, बलगुजारच्या शेतांकडे जाते. वाहून येईल तेवढेच घ्यायचे, हा हिशेब तिच्या बांधणीतच आहे. पाणबुडी मोटारीला असा कोणताही हिशेब नाही.

तो हिशेब माणसांनी बसून घालता येतो, हे बीडच्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने दाखवले. पोपटराव पवारांच्या या गावात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊसही लावत नाहीत. पाऊस संपला की गावाचा ताळेबंद मांडला जातो: किती पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल. उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी लागणारी पिके त्या वर्षी घेतली जात नाहीत.