गोळ्याची शेपटी

मुलीच्या पोटातून केसांचा गोळा काढल्याची बातमी पुन्हा एकदा आली. ट्रेमध्ये काळा गोळा, शेजारी मोजपट्टी आणि मथळ्यात वजन. या वजनाचं एवढं कौतुक कशाला? जठर बिचारं ताणत जातं, महिनोन् महिने सोसतं. जिवावर बेतते ती गोळ्याची शेपटी, आणि फोटोत तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

केस पचवेल असा रस आपल्या पोटात नाही. गुळगुळीत असल्यामुळे तो पुढेही सरकत नाही. जठराच्या वळ्यांत अडकतो, गुंततो, शेवटी जठराचाच आकार घेतो. कधी त्याची वेणी लहान आतड्यात उतरते. 1968 मध्ये या प्रकाराला परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीवरून ‘रॅपन्झेल सिंड्रोम’ हे नाव मिळालं. नाव गोड, दुखणं भयंकर. आतडं वेणीला पुढे ढकलत राहतं, पण तिचं वरचं टोक गोळ्यात अडकलेलं. मग नाडीवर परकर गोळा व्हावा तसं आतडंच तिच्यावर चुणत जातं, आणि ताणलेली वेणी आतड्याची भिंत कापू शकते.

फळांच्या चोथ्याचे गोळे कधीकधी कोलाने विरघळतात, हे ग्रीसमधल्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. केसांपुढे कोला हरतो. मोठा गोळा असेल तर बहुधा पोट उघडावंच लागतं. जठराला छेद देऊन गोळा शेपटीसकट हलक्या हाताने ओढायचा. तुकडा तुटून खाली गेला, तर लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या अरुंद जागी तो अडकू शकतो. म्हणून सर्जन सगळं लहान आतडं वीत-वीत बोटांतून सरकवत चाचपतो. पुढचे काही दिवस वॉर्डात एकच चौकशी, “गॅस सुटला का?”

अशा गोळ्याला डॉक्टर बेझोअर म्हणतात. मूळ शब्द फारसी, ‘पादजहर’, म्हणजे विषावरचा उतारा. रानबकऱ्यांच्या पोटातले असले खडे राजेरजवाडे जपून ठेवत. आपल्याकडचा जहरमोहरा त्याच गोतावळ्यातला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या खड्यांवर लिहिलं आहे. पुढे सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइटांनी नकली खडेच वळायला घेतले: शिंपल्यांची पूड, कस्तुरी, राळ, वर सोन्याचा वर्ख. हे ‘गोवा स्टोन’ सोन्याच्या जाळीदार डब्यांत घालून युरोपात जात, आणि तिथले धनिक ते पेयात खरवडून पीत! त्याआधीच फ्रान्समध्ये आंब्रुआज पारे या सर्जनने फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि बेझोअर देऊन पाहिलं होतं. आचारी तळमळून मेला. खप काही थांबला नाही.

पोटात गोळा हाताला लागला की जाणता डॉक्टर आधी मुलीचे केस बाजूला सारून टाळू बघतो. तिथे विरळ चट्टे असतात. ती केस उपटते, खाते, हे घरात बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसतं. त्या सवयीवर उपचार झाले नाहीत तर गोळा पुन्हा धरू शकतो. पण मानसोपचारतज्ज्ञाचा फोटो कुठल्या बातमीत छापून येतो?