हाली, ढब्बू आणि नवा पैसा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर आणि आसपासच्या गावांत जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात, एखाद्या गाडग्यात किंवा पेटीच्या तळाशी तांब्याची जी नाणी सापडतात, त्यांत दोन राज्यांचा पैसा मिसळलेला असतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. लोक त्याला हाली म्हणत आणि इंग्रज सरकारच्या रुपयाला कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब चाले. म्हणून इथल्या डब्यात निजामाच्या पै, व्हिक्टोरिया राणीचा जाड ढब्बू पैसा, दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा, घोड्याचा पैसा आणि १९५७ नंतरचा नवा पैसा असे सगळे एकत्र निघते.

अशा डब्याचे पुढे काय करायचे, याची दोन उत्तरे सहसा दिली जातात: किलोवर तोलून मोडीत घालणे, किंवा लाखो रुपये मिळतील या आशेने गिऱ्हाईक शोधणे. दोन्ही घाईची आहेत. आधी नाणी निवडावी लागतात, आणि निवड धातूपासून सुरू होते.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी ठरवली. त्यात पाव आण्याचा, म्हणजे एका पैशाचा, तांब्याचा तुकडा १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम वजनाचा होता. रुपयाला असे ६४ पैसे. म्हणजे एका रुपयाच्या चिल्लरीत सुमारे ४१५ ग्रॅम तांबे हातात येई. १९०६ मध्ये शुद्ध तांब्याऐवजी कांसे आले. तांब्यात थोडे कथील आणि जस्त मिसळल्याने नाणे टणक झाले, आणि वजन ४.८६ ग्रॅमवर उतरले. त्यामुळे १९०६ सालचा पैसा जाड तांब्याचाही मिळतो आणि पातळ कांशाचाही. १९४३ मध्ये युद्धासाठी तांब्याची ओढाताण झाली तेव्हा पैशाच्या मधोमध मोठे भोक पाडले गेले आणि वजन दोन ग्रॅमच्याही खाली आले. रुपयामागचे तांबे ४१५ ग्रॅमवरून सुमारे १२५ ग्रॅमवर आले. स्वतंत्र भारताचा घोड्याचा पैसा १९५० चा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत लागू झाली आणि दीड ग्रॅमचा कांशाचा नवा पैसा आला. ‘नवा’ हा शब्द १९६४ मध्ये गळला आणि १९६५ पासून पैसा ॲल्युमिनियमचा झाला. तांबे महाग होत गेले तसे ते नाण्यातून बाहेर पडत गेले.

अमेरिकेतही नेमके हेच घडले. तिथला एक सेंट १९८२ पर्यंत ९५ टक्के तांब्याचा आणि ३.११ ग्रॅमचा होता. त्याच वर्षी आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असा बदल होऊन वजन अडीच ग्रॅमवर आले. तेव्हापासून तांब्याचे सेंट निवडून साठवणारे लोक तिथे आहेत. लोक ते वितळवू लागतील म्हणून २००६ च्या अखेरीस सरकारला मनाई हुकूम काढावा लागला.

धातूचा हिशेब कागदावर मांडला तर मोडीचा मोह किती लहान आहे ते कळते. तांब्याचा भाव किलोला ८०० रुपये धरला तर व्हिक्टोरियाच्या न झिजलेल्या पैशात सुमारे सव्वापाच रुपयांचे तांबे असते. नव्या पैशात सव्वा रुपयाच्या आसपास. किलोभर वजन भरायला ढब्बू १५५ लागतात आणि नवे पैसे ६६६ हून जास्त. त्यातच मोडीचा व्यापारी पूर्ण भाव देत नाही.

निवडीची पहिली चाचणी साध्या चुंबकाची. तांबे, कांसे आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत. मुलामा दिलेले लोखंडी नकली नाणे लगेच चिकटते. दुसरी चाचणी सराफाच्या काट्याची. तिसरी सर्वांत खात्रीची आणि जुनी, आर्किमिडीजची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेली नाणी तळाला न टेकवता पाण्यात बुडवायची. काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घनसेंटिमीटर नाण्यांचे आकारमान. दहा ढब्बूंचे वजन ६४.७ ग्रॅम आणि काट्यावरचा आकडा ७.२ आला तर घनता जवळजवळ ९, म्हणजे तांबे. पितळ साडेआठच्या आसपास येते, लोखंड ७.९, ॲल्युमिनियम २.७. एकेक नाणे बुडवण्यापेक्षा एका जातीची दहा एकदम बुडवली की चूक कमी होते.

परदेशात नाणी निवडणारी यंत्रे वेगळ्या गुणावर चालतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात नाणे आले की त्यात भोवरी प्रवाह वाहतात, आणि त्यांचे बळ धातूच्या विद्युतवाहकतेवर ठरते. शुद्ध तांब्यात कथील मिसळले की इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे वाढतात आणि वाहकता बरीच घटते. यंत्र आत ठेवलेल्या नमुना नाण्याशी तुलना करते आणि न जुळणारे बाजूला टाकते.

धातू ठरला की साल आणि टाकसाळ. भोकाच्या पैशावरचा मुकुट तीन तऱ्हांचा आहे: चपटा, गोल आणि उंच. युद्धकाळात मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींवर ताण आल्याने भारताची काही नाणी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाला पाडली गेली. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता.

हाली नाण्यांना मात्र वेगळा अभ्यास लागतो, आणि मराठवाड्यातल्या संग्राहकाने खरा वेळ इथेच घालवावा. जुने तांब्याचे तुकडे हाताने छापलेले, ओबडधोबड असतात. पुढे यंत्रावर पाडलेली गोल नाणी आली. हैदराबादची टाकसाळ १९०३ मध्ये सैफाबादला गेली. या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला निजामाची वळणदार अक्षरांतली नाममुद्रा, म्हणजे तुघ्रा, आणि दुसऱ्या बाजूला किंमत व ‘हैदराबाद फर्खुंदा बुनियाद’ हे टाकसाळीचे नाव असते. साल हिजरी. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो: हिजरी १३३८ म्हणजे इसवी १९१९-२०. संस्थानच्या कचेरीतले कागद मात्र फसली सनाचे असत आणि त्यात ५९० मिळवावे लागतात. या दोहोंची गल्लत झाली की नाणे चुकीच्या निजामाच्या नावावर जाते. १८६९ ते १९११ महबूब अली खान आणि तिथून १९४८ पर्यंत उस्मान अली खान, अशी वाटणी आहे.

निवडताना सर्वांत मोठे नुकसान होते ते घासण्याने. तांब्यावर हवेत आधी तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल हा थर विरघळवते. देवाच्या भांड्याला ते ठीक, पण नाण्यावर त्यासोबत छापाच्या बारीक रेषाही जातात, आणि उरलेली गुलाबी चकाकी जाणकार लांबूनच ओळखतो. अशा नाण्याची संग्राहकाच्या बाजारात निम्मीही किंमत राहत नाही.

घट्ट हिरवा थर फारसा घातक नसतो. भुरभुरीत, फिकट हिरवी पूड दिसली तर सावध व्हावे. घामातले किंवा मातीतले क्लोराइड तांब्याशी संयोग पावते, ओलाव्याने त्यातून पुन्हा आम्ल सुटते आणि नाणे आतून पोखरत जाते. असे नाणे वेगळे काढून ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी बदलत, बरेच दिवस भिजवावे आणि पूर्ण कोरडे करावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातूनही कालांतराने क्लोरीनयुक्त आम्ल सुटते. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

कायद्याच्या चार गोष्टी माहीत असाव्यात. चलनात असलेले नाणे वितळवायला किंवा नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी विकता येत नाही.

फसवणुकीचा बाजार मोठा आहे. जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणून आधी ‘कमिशन’ मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला: बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. १९५७ ते १९६२ चा नवा पैसा अफाट संख्येने पाडला गेला, तो दुर्मीळ नाही. शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याच्या, नकलाही सर्रास फिरतात.

डबा फोडताना प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर ते कोणत्या गावात, कोणत्या घरात आणि कशासोबत सापडले हे लिहून ठेवावे. हाली आणि कलदार एकाच डब्यात किती प्रमाणात निघाले, यावरून भोकरच्या बाजारात कोणता पैसा केव्हा चालत होता हे शोधता येते. एकदा नाणी मोडीत गेली, की तो पुरावा कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.