काशाचा परीक्षक

विद्यार्थ्यासमोर पुरुषभर उंचीचा एक पुतळा उभा आहे. अंगाला पिवळ्या मेणाचा लेप दिलेला, त्यामुळे त्याच्यावरची सगळी छिद्रं बुजलेली. परीक्षक एका बिंदूचं नाव घेतात. विद्यार्थ्याने बोटांनी अंतर मोजायचं, जागा ठरवायची आणि सुई टोचायची. जागा बरोबर असेल तर सुई मेणातून आत जाते आणि छिद्रातून पारा बाहेर येतो. काही ठिकाणी पाऱ्याऐवजी पाणी म्हटलं आहे. जरा चुकलं की सुई धातूवर अडते. तोंडी उत्तराला वावच नाही.

सोंग काळातल्या कांस्यपुरुषाचं हे वर्णन तेराव्या शतकातल्या चौ मी या लेखकाने लिहून ठेवलं आहे. चिनी भाषेत या पुतळ्याला ‘तोंगरन’ म्हणतात. ॲक्युपंक्चर शिकवायचं कसं, या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

हे काम वांग वेइ-ई या राजवैद्याचं. जुन्या पोथ्यांच्या नकला होता होता बिंदूंच्या जागा सरकल्या होत्या. एका नकलेत जो बिंदू मनगटाजवळ, तो दुसरीत दोन बोटं वर. सम्राट रेनझोंगच्या आज्ञेने वांगने आधी ग्रंथ सिद्ध केला, तो दगडावर कोरवून घेतला आणि १०२७ साली दोन कांस्यपुरुष ओतवले. एक वैद्यकीय कार्यालयात राहिला, दुसरा राजधानी काइफंगमधल्या मोठ्या मंदिरात. पुतळा आतून पोकळ, पुढचा आणि मागचा भाग वेगळा करता येणारा, आत अवयव बसवलेले. अंगावर ३५४ बिंदू. त्यांतले ३०३ डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना, ५१ मध्यरेषेवर. म्हणजे छिद्रं एकूण ६५७. प्रत्येकाशेजारी नाव, तेही सोन्याने भरलेलं.

हाताला आधी निर्जीव वस्तूवर वळण लावावं, हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सराव या विषयाला एक अख्खा अध्याय दिला आहे. कापण्याचा सराव कोहळ्या-भोपळ्यावर, वेध घेण्याचा कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर. पट्ट्या बांधायला तर ‘पुस्तमय पुरुष’ म्हणजे माणसाची केलेली प्रतिकृतीच सांगितली आहे. वांगचा पुरुष याच जातीचा. फक्त तो शिकवतो आणि गुणही देतो.

पुढे मंगोल आले. कुब्लाई खानाच्या दरबारात एक कांस्यपुरुष मोडकळीला आलेल्या अवस्थेत पडून होता आणि तो दुरुस्त करणारा कारागीर चीनमध्ये मिळत नव्हता. ते काम नेपाळहून आलेल्या अर्निको नावाच्या तरुण कारागिराने घेतलं. असं काम आधी कधी केलेलं नाही, पण करून बघतो, असं त्याने खानाला सांगितल्याची नोंद युआन घराण्याच्या इतिहासात आहे. १२६५ साली पुतळा पुरा झाला तेव्हा तिथले धातुकार थक्क झाले. बीजिंगमधला पांढरा स्तूप उभारणारा तो हाच. चिनी वैद्यकाचा परीक्षक हिमालयापलीकडून आलेल्या माणसाने पुन्हा उभा केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मिंग काळात, १४४३ साली, जुना झिजला म्हणून नवा पुतळा ओतला गेला. वांगच्या शिळांचे तुकडे बीजिंगची मिंगकालीन तटबंदी पाडताना १९६५ ते १९७१ या काळात मातीतून वर आले. तट बांधणाऱ्यांनी त्या साधे दगड म्हणून भरीला घातल्या होत्या.

तटात गाडल्या गेल्या त्या शिळा; विद्येवरही अशी पाळी आली. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यशाळेतला सुयांचा विभागच बंद केला. विद्या घराघरांत, बाजारात टिकली. विसाव्या शतकात चेंग दान-आन यांनी तिला पुन्हा वर्गात आणलं. शरीररचनाशास्त्र समोर ठेवून त्यांनी बिंदू नव्याने मांडले, मोठ्या रक्तवाहिन्या टाळल्या, बारीक सुया वापरल्या, शाळा काढली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालयं सुरू झाली. आज तिथे पदवीला पाच वर्षं आणि त्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाला बहुधा तीन वर्षं लागतात.

सराव मात्र आजही साध्या वस्तूंवरच सुरू होतो. मऊ कागदाची जाड घडी दोऱ्याने आवळून बांधायची आणि तिच्यात सुई फिरवत आत न्यायची. मग कापसाचा घट्ट गोळा. सुई बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास. जोर लावला की वाकते. ती वाकू न देता त्वचा झटकन पार करणं हे पहिलं कौशल्य, कारण दुखतं ते त्वचेतच. उजवा हात सुई धरतो. डावा हात जागा चाचपतो, त्वचा ताणतो, दाबतो. डाव्या हाताचं महत्त्व जुने ग्रंथही सांगतात. त्यानंतर विद्यार्थी स्वतःच्या पायात टोचून घेतो, मग शेजाऱ्याच्या. सुईभोवती जडपणा किंवा झिणझिण्या येतात, त्याला ‘द-ची’ म्हणतात. टोचून घेतल्याशिवाय ती जाणीव कळत नाही.

वाचकाने स्वतःच्या पायावर एक जागा शोधून पाहावी. गुडघा वाकवा. वाटीच्या खाली, बाहेरच्या अंगाला जी खोबण लागते, तिथून चार बोटं आडवी ठेवून खाली या. नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर सरका. हा ‘झू-सान-ली’. ही बोटं मात्र रोग्याची धरायची, वैद्याची नाहीत. आयुर्वेदातलं स्वांगुलप्रमाण तेच सांगतं. धिप्पाड माणसाचा झू-सान-ली आणि लहान मुलीचा, इंचांत मोजले तर वेगळे. त्यांच्या-त्यांच्या बोटांत सारखे. पुतळा ही गोष्ट शिकवू शकत नाही, कारण त्याचं अंग एकच. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थी सकाळपासून गुरूच्या दवाखान्यात बसतो, सांगितलेली औषधं लिहून घेतो, जीभ बघतो, नाडी धरतो आणि गुरूने तीच नाडी धरल्यावर काय म्हटलं ते ऐकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चिनी वैद्यक शरीरात ज्या वाहिन्या मानतं आणि ज्यांवर हे बिंदू बसवले आहेत, त्या शवविच्छेदनात दिसत नाहीत. काही जुनाट दुखण्यांत या उपचाराने आराम पडतो, पण अनेक चाचण्यांत खऱ्या आणि लुटुपुटीच्या टोचण्यातला फरक थोडाच निघाला आहे. तरीही प्रशिक्षणाचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. सुई कितीही बारीक असली तरी तिच्याखाली फुप्फुस असू शकतं. खांद्यावरच्या ‘ज्येन-जिंग’ बिंदूत, नावाचा अर्थ खांद्यावरची विहीर, सुई सरळ आणि खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून श्वास अडकू शकतो. अशा दुर्घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे ही विद्या ज्यांनी आणली, त्यांचा महाराष्ट्राशी जुना धागा आहे. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. त्याच पथकातले विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली परिषद नेमली.

तेव्हा सुया टोचून घ्यायला जाल तर आधी विचारा: शिक्षण कुठे झालं, किती वर्षं, परिषदेकडे नोंदणी आहे का? सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि छाती-खांद्यावर टोचण्याआधी सुई किती खोल जाणार, हेही विचारून घ्या.