घाटमाथ्याचे गाणे आणि आकाशवाणी

बालाघाट शहर आणि वैनगंगेचे खोरे मागे टाकून बैहरच्या दिशेने घाट चढू लागले, की भाताच्या बांध्यांमधून सालाचे रान डोके वर काढू लागते. आणि या पठारावर परसवाडा नावाचे जे तहसिलीचे गाव आहे, त्याच्या आसमंतात गोंड, बैगा, परधान आणि पोवार या निरनिराळ्या समाजांची गाणी आपापल्या ऋतूंना आणि विधींना धरून शतकानुशतके नांदत आली आहेत. भाद्रपदात करम वृक्षाच्या फांदीभोवती करमा, पीक घरात आल्यावर टिपऱ्यांचा सैला, शेतात काम करताना ददरिया, फाल्गुनात फाग आणि लग्नघरात पोवारी बायकांची गाणी, असा हा सालाबादचा क्रम. या गाण्याची आणि रेडिओ नामक यंत्राची गाठ कशी पडली, आणि त्या सोयरिकीत कोणाला काय मिळाले, हा या लेखाचा विषय आहे.

रेडिओपूर्वी येथे प्रसारणाची काही व्यवस्थाच नव्हती, असे मात्र समजू नये. परधान हा गोंडांचा वंशपरंपरागत भाट. त्याच्या हाती बाना नावाचे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य असते. बडादेवाची आणि गोंड राजांची आख्याने तो आपल्या यजमानांच्या घरी ठरावीक वर्षांनी जाऊन गातो आणि त्याबदल्यात धान्य, वस्त्र, क्वचित जनावर असे दान घेतो. कोणती घरे कोणाच्या हक्कातील हे ठरलेले असल्यामुळे प्रत्येक परधानाचे श्रवणक्षेत्र एखाद्या मालगुजाराच्या गावांइतके निश्चित असे. या परधानांवर १९४६ साली ग्रंथ लिहिणारे शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ होते, आणि मानववंशशास्त्रज्ञ वेरिअर एल्विन यांच्याबरोबर त्यांनी केलेला मैकल डोंगरांतील लोकगीतांचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्याच मैकल रांगेचे फाटे बालाघाट जिल्ह्यात उतरतात. म्हणजे या मुलखाचे गाणे ध्वनिक्षेपकापुढे येण्याआधीच छापील कागदावर उतरू लागले होते. अर्थात कागदावर शब्द तेवढे येतात. चाल आणि पायांचा ठेका रानातच राहतो.

गावगाण्याला वाहिलेल्या रेडिओ केंद्राची कल्पना मूळची अमेरिकेतील, आणि ती कोणा रसिकाच्या नव्हे, व्यापाऱ्यांच्या डोक्यातून निघाली. शिकागोचे डब्ल्यू. एल. एस. हे केंद्र टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स कंपनीने काढले आणि तेथे १९२४ च्या एप्रिलमध्ये खळ्यावरच्या नाचगाण्याचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. नॅशव्हिलचे डब्ल्यू. एस. एम. हे केंद्र एका विमा कंपनीचे. तेथे २८ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री अंकल जिमी टॉम्प्सन नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या सारंगियाने ध्वनिक्षेपकासमोर बसून तासभर आपले फिडल वाजविले, आणि त्यातूनच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा जगप्रसिद्ध कार्यक्रम उभा राहिला. खेडूत ज्या गाण्यासाठी रेडिओशी बसेल, ते गाणे त्याला ऐकवावे आणि मागून विमा विकावा, असा तो उघड हिशेब होता. हिशेब हलका म्हणावा, तर त्यानेच डोंगराळ भागातील गवयांना पोटापाण्याचा धंदा मिळवून दिला.

आपल्याकडे हा मार्ग आरंभीच बंद झाला. १९२७ साली मुंबईस सुरू झालेल्या खासगी प्रसारण कंपनीचे तीन वर्षांतच दिवाळे वाजले, सरकारने कारभार हाती घेतला, आणि रेडिओ हे टपाल व तार यांच्यासारखेच एक सरकारी खाते बनले. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला केवळ सहा केंद्रे आली होती. मध्यप्रांत व वऱ्हाडात एकही नव्हते. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा बालाघाट हा त्याच प्रांताचा जिल्हा होता आणि नागपूर ही त्याचीही राजधानी. प्रांताच्या राजभाषा दोन, म्हणून केंद्राच्याही भाषा दोन, मराठी आणि हिंदी. घाटमाथ्यावरची गोंडी आणि बैगानी सरकारदरबारी ना या खात्यात ना त्या खात्यात. गाणे आले ते गावकरी मंडळींसाठी असलेल्या कार्यक्रमात, बी-बियाणे, बाजारभाव आणि आरोग्यविषयक उपदेश यांच्या मधल्या जागेत. शेतकी खात्याचा सल्ला गोड लागावा म्हणून पेरलेले गाणे, ही त्याची पहिली सरकारी योग्यता.

पुढील दशकात ती योग्यता थोडी वाढली, आणि त्याचे श्रेय व अपश्रेय दोन्ही एका मराठी मंत्र्याकडे जाते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांविषयीची त्यांची अढी सर्वश्रुत आहे; त्यांच्या कारकिर्दीत सिनेमाचे गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले, श्रोते ‘रेडिओ सिलोन’कडे वळले, आणि अखेरीस १९५७ साली ‘विविध भारती’ काढून खात्याला माघार घ्यावी लागली. परंतु मोकळ्या झालेल्या वेळात शास्त्रीय व सुगम संगीताबरोबर लोकसंगीतालाही आसन मिळाले, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते केसकरांची चूक आवडीनिवडीची नव्हती; रानातील गाण्याला सभ्य करून घेण्याची जी हौस त्या काळच्या सगळ्याच सुशिक्षितांना होती, तिची होती. बाजाच्या पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून बंदी घातली होती, तिचा जाच मात्र करमा गाणाऱ्यांना झाला नाही. त्यांना पेटी मुळी लागतच नाही.

करमा ध्वनिमुद्रणाच्या कक्षात आणणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मांदर गळ्यात अडकवून वादक मध्ये उभा राहतो. त्याचा एक हात घुमारा काढतो, दुसरा टणत्कार. टिमकी त्याला तोडून उत्तर देते, बैगांकडे लाकडी ठिसकीचा कडकडाट त्यात मिसळतो, आणि हातात हात गुंफलेल्या रांगा पुढे-मागे झुलत एकीने टाकलेली ओळ दुसरीने उचलावी, असे ते गाणे रात्रभर चालते. आता ही मंडळी जाड गालिच्याच्या, भिंतींना ध्वनिशोषक पत्रे लावलेल्या खोलीत उभी करावीत, तर पायांचा आवाज गालिचा गिळतो, मांदर बायकांचे स्वर बुडवितो म्हणून वादकाला कोपऱ्यात धाडावे लागते, आणि भिंतीवरचे घड्याळ रात्रीचे गाणे पंधरा मिनिटांत उरकण्यास फर्मावते. शिवाय स्वरचाचणी, करारपत्र आणि त्यावर सही किंवा अंगठा. ज्या गाण्यात श्रोता असा कोणी नसतोच, सगळेच गाणारे आणि नाचणारे, त्यातून कलावंत तेवढे वेगळे काढून बाकीच्यांना श्रोते ठरविण्याचे काम या कागदांनी केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. महसुलाचे दप्तर एका दिवसात भोपाळकडे वळविता आले, रेडिओच्या काट्याला तसा हुकूम देता येत नव्हता. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत शेदोनशे किलोमीटर सहज चालतात, आणि रात्री वरच्या वातावरणातील विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन त्याहून फार दूर जातात. त्यामुळे नागपूर केंद्र या टापूला परके झाले नाही. जबलपूरचे केंद्र १९६४ साली आले. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला, पंचायतीच्या ओसरीवरचा सामुदायिक संच मागे पडला, आणि टपाल कचेरीत दरसाल शुल्क भरून परवाना ताजा करून घेणाऱ्यांत गावचे शिक्षक आणि वनखात्याचे कर्मचारी यांच्याबरोबर शेतकरीही दिसू लागले. तो परवाना एकोणीसशे ऐंशीच्या दशकात रद्द झाला.

त्याच दशकात, १९८४ पासून, आकाशवाणीने जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक केंद्रे काढण्याची योजना हाती घेतली, आणि पुढे बालाघाटलाही आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र आले. नागपूरहून जे गाणे पाहुणे म्हणून येई, ते आता जिल्ह्याच्याच ठिकाणाहून येऊ लागले. मात्र एफ. एम. लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की थबकतात. खोऱ्यातील मनोऱ्याचा आवाज घाटावरच्या प्रत्येक पाड्याला सारखा पोचावा, ही अपेक्षा या भूगोलात धरता येत नाही.

याहून धाकटा प्रकार म्हणजे सामुदायिक रेडिओ. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढण्याची मुभा मिळाली. पन्नास वॉटचा प्रक्षेपक, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा, एवढाच त्याचा संसार. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने २००८ पासून ओव्या आणि माणदेशी लोकगीते त्या गाणाऱ्या बायकांच्याच तोंडून ऐकविली. मध्यप्रदेशात आदिवासी विभागाने ‘वन्या’ या नावाने बैतूलच्या चिचोलीस गोंडी, खंडवा जिल्ह्यातील खालव्यास कोरकू आणि दिंडोरीतील चाड्याला बैगानी अशी केंद्रे काढली. चाडा म्हणजे खास बैगांचा मुलूख. तेथील करमा आणि परसवाड्याच्या आसपासच्या बैगांचा करमा यांचे नाते ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. अशा केंद्राच्या परवान्यासाठी संस्था निदान तीन वर्षे काम करणारी असावी लागते, आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावे लागतात. स्वतंत्र बातम्या देण्यास त्याला मनाई आहे. रात्रभर गाण्यास नाही.