जाल-फाइल प्रणाली : लेखनवेग व खंडाचा आकार

एका संगणकाच्या चकतीवरील फाइली जालाने जोडलेल्या इतर संगणकांना जणू स्वतःच्याच चकतीवर असल्याप्रमाणे वापरता याव्यात, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे जाल-फाइल प्रणाली होय. फाइली सांभाळणाऱ्या संगणकास सेवक व त्या वापरणाऱ्यास ग्राहक म्हणतात. या प्रकारातील विशेष प्रसार पावलेली ‘एनएफएस’ ही प्रणाली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास विकसित केली. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे या कंपनीच्या (स्थापना १९८२) संस्थापकांपैकी एक होत.

खंडाचा आकार : फाइल लिहिताना ग्राहक तिचे खंड पाडून प्रत्येक खंड स्वतंत्र विनंतीद्वारे सेवकाकडे पाठवितो. प्रत्येक विनंतीची ये-जा व पोच यांत काही ठराविक वेळ जातो. १ मेगाबाइटच्या (१०,४८,५७६ बाइट) फाइलीसाठी १,०२४ बाइटांचे खंड घेतल्यास १,०२४ विनंत्या कराव्या लागतात. ८,१९२ बाइटांचे घेतल्यास १२८ पुरतात. प्रत्येक विनंतीस १० मिलिसेकंद लागतात व एकीची पोच आल्यावरच दुसरी निघते असे मानल्यास पहिल्या रीतीने सु. १०.२ सेकंद, तर दुसरीने सु. १.३ सेकंद लागतील.

तथापि मोठा खंड नेहमीच हितावह नसतो. ईथरनेट जालावर एका वेळी सामान्यतः १,५०० बाइटच जाऊ शकतात. त्यामुळे यूडीपी या संदेशवहन-पद्धतीत ८,१९२ बाइटांच्या विनंतीचे सहा तुकडे होतात आणि त्यांपैकी एक हरवला, तरी सगळी विनंती पुन्हा पाठवावी लागते. सदोष जालावर म्हणूनच लहान खंड अधिक वेगवान ठरू शकतो. टीसीपी पद्धतीत हरवलेला भागच पुन्हा पाठविला जात असल्याने खंड बराच मोठा ठेवता येतो. लिनक्स प्रणालीत तो १ मेगाबाइटपर्यंत असू शकतो.

सेवकाच्या चकतीवरील खंड (उदा., ४,०९६ बाइट) हा याहून वेगळा होय. त्याचा काही भागच बदलावयाचा असल्यास जुना मजकूर आधी वाचावा लागू शकतो. यासाठी जालावरील खंड त्याच्या पटीत ठेवणे इष्ट असते.

वेग व सुरक्षितता : एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर चकतीवर पक्का नोंदला गेल्याखेरीज सेवकाने पोच देऊ नये, असा नियम होता. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीची एक फेरी सु. ८.३ मिलिसेकंदांत होते. लेखन मंद होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. सेवकास केवळ आपल्या स्मृतीत मजकूर ठेवून पोच देण्याची मुभा दिल्यास वेग पुष्कळ वाढतो. परंतु तेवढ्यात वीज गेल्यास तो मजकूर नष्ट होतो. ग्राहकाने पोच मिळताच आपली प्रत टाकून दिलेली असते आणि चूक झाल्याची सूचनाही त्याला मिळत नाही. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या ठिकाणी हा धोका विशेष असतो.

तिसऱ्या आवृत्तीने (१९९५) यातून मार्ग काढला. तीत सेवक तात्पुरती पोच देतो आणि ग्राहक शेवटी पक्क्या नोंदीची मागणी करतो. तोपर्यंत तो आपली प्रत राखून ठेवतो. सेवक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास त्याच्या उत्तरातील खूणसंख्या बदललेली आढळते व ग्राहक मजकूर पुन्हा पाठवितो. विद्युत्‌घटाच्या आधाराने टिकणारी स्मृती सेवकास जोडणे, हा दुसरा उपाय होय. खंडाचा आकार वाढवून ये-जा कमी करता येते. मात्र पोच केव्हा द्यावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून लेखनवेग मोजताना पक्क्या नोंदीस लागणारा वेळही हिशेबात धरणे आवश्यक असते.