पिल्लू रुसलेलं नाही, बरं का!

पावसाळा लागला की अहेरीत एक गोष्ट हमखास होते. कुणाच्या न्हाणीत, सरपणाच्या ढिगात, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात सापाचं इवलंसं पिल्लू निघतं. मोठी माणसं काठी शोधायला धावतात आणि एखादं धीट पोर बरणी शोधायला.

पिल्लू बरणीत गेलं की पाहुणचार सुरू! आधी वाटीत दूध. दूध तसंच. मग भाताची चार शितं. तीही तशीच. मग कुणीतरी मोठ्या हिमतीने नाकतोडा पकडून आणतं, तर पिल्लू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक दिवस जातो, दोन जातात, आणि सगळे ठरवून टाकतात, की पिल्लू रुसलंय.

रुसलंय-बिसलंय काही नाही. त्याच्या पोटात आधीच डबा आहे!

अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर त्याचे पहिले काही दिवस आरामात निघतात. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पहिली कात टाकतं, आणि पुष्कळ जातींची पिल्लं तोवर काही खातच नाहीत. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ, निळसर होतात, नीट दिसत नाही. अशा वेळी मोठे सापसुद्धा शिकारीला सहसा निघत नाहीत.

आणि दूध? ते पिल्लाला पचायचंच नाही. फार तहानलेला साप समोर आलेलं काहीही पिईल, पण त्याला हवं असतं पाणी. नागपंचमीच्या वाटीचं काय करायचं, ते तुम्हीच आजीला सांगा. हळूच सांगा.

दुसरी अडचण उबेची. सापाचं अंग आतून तापत नाही. ऊब बाहेरून, म्हणजे उन्हातून आणि तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. गिळलेलं भक्ष्य पचवायला ती ऊब लागतेच. गारठ्यात अन्न पोटात सडू लागतं आणि साप ते ओकून टाकतो. मग पावसाळी हवेत, काचेच्या गार बरणीत, चारी बाजूंनी मोठमोठे डोळे रोखलेले असताना जेवायला बसायचं, हे कुणाला जमेल?

शिवाय सापाचं जेवण म्हणजे केवढा खटाटोप! म्यानमारकडच्या अजगरांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्यांच्या हृदयाचा एक भाग 40 टक्क्यांनी वाढलेला आढळला. पचन संपलं की हृदय पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे जेवायचं की नाही हे साप उगाच लहरीने ठरवत नाही.

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते त्याच्या जिभेचं. लवलव करणारी ती दुभंगलेली जीभ हवेतले वासाचे कण गोळा करते. तोंडाच्या छतात एक खास इंद्रिय असतं, तिथे ते कण पोचतात. त्या वासावरून पिल्लाला कळतं, की समोर आहे ते आपलं जेवण आहे का.

हे त्याला शिकवतं कोण? कुणीच नाही. 1960 च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या, एकही घास न खाल्लेल्या पिल्लांसमोर कापसाचे बोळे धरले. एकाला गांडुळाचा वास, एकाला माशाचा, एकाला नुसतं पाणी. आपल्या जातीच्या खाण्याचा वास आला की पिल्लं जीभ भराभर हलवत आणि चक्क कापसावर झडप घालत! पुढे स्टीव्हन आर्नल्ड यांना आणखी गंमत दिसली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिनशंखाच्या मोठ्या गोगलगाई भरपूर असतात. तिथल्या सापांची पिल्लं त्या आवडीने खात. त्याच जातीच्या सापांची आतल्या डोंगराळ भागातली पिल्लं मात्र बहुतेक तोंड फिरवत, कारण तिकडे त्या गोगलगाई नसतातच.

आता आपल्या रानातल्या पानावर काय काय वाढलेलं असतं ते बघा. कवड्याला हव्या पाली. दिवडाला बेडूक आणि मासे. गांडुळासारख्या दिसणाऱ्या वाळ्याला मुंग्यांची अंडी आणि वाळवी. आणि पट्टेरी मण्यार तर दुसरे साप खाते! यातल्या कुणाला तुमचा नाकतोडा चालेल?

परदेशात काही जातींचे साप घरी पाळतात. तिथलं पिल्लू उंदराचं पिल्लू खाईना, तर पाळणारे एक युक्ती करतात. मेलेल्या उंदराला पालीचा किंवा बेडकाचा वास चोळतात, उबदार अंधाऱ्या डब्यात पिल्लाशेजारी ठेवतात आणि निघून जातात. पुष्कळदा सकाळी उंदीर गायब! जबरदस्तीने घास कोंबणं हा अगदी शेवटचा उपाय. तोही जाणकारांनीच करायचा, कारण पिल्लाचा जबडा फार नाजूक असतो.

आपल्याकडे मात्र ही युक्ती करून बघायची नाही हं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप घरी पाळणं गुन्हा आहे. आणि घोणस, नाग, मण्यार यांच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून विष असतं. कवड्या आणि मण्यार ओळखताना तर मोठ्यांचीही फसगत होते. तेव्हा बरणी आणायलाच धावू नका. लांब उभे राहा, मोठ्यांना सांगा आणि सर्पमित्राला नाहीतर वनविभागाला बोलवा.

जनावरं सांभाळायचीच असतील तर ती कशी सांभाळतात, हे बघायला आलापल्लीवरून भामरागडच्या रस्त्याने हेमलकशाला जा. 1973 साली डॉ. प्रकाश आमटे तिथे लोकबिरादरी प्रकल्पात आले. पुढे शिकार होऊन आलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं, आणि अनाथ प्राण्यांचं घर सुरू झालं. बिबटे, अस्वलं, हरणं, साप असे कितीतरी पाहुणे तिथे राहून गेले. बिबट्याला काय द्यायचं ते पटकन सुचेल हो. सापाच्या बाबतीत आधी जात ओळखावी लागते.

आणि जात ओळखूनही अडेल असा एक साप आपल्या विदर्भातच आहे! अंडीखाऊ साप. या शतकाच्या सुरुवातीला तो वर्ध्याकडे सापडला, तेव्हा जगभरच्या सर्पतज्ज्ञांचे कान टवकारले. तो फक्त पक्ष्यांची अंडी खातो. अंडं अख्खं गिळतो आणि मानेतल्या मणक्यांच्या टोकांनी आतल्या आत फोडतो. पण अंगाने हा जेमतेम दोरीएवढा, त्यामुळे कोंबडीचं अंडं त्याच्या काही कामाचं नाही. त्याला चिमण्या-मुनियांची चिमुकली अंडी हवीत, तीही ताजी, आणि पक्षी काही बारा महिने अंडी घालत नाहीत. मोठ्या सापाची ही तऱ्हा, तर त्याच्या सुतळीएवढ्या पिल्लासाठी केवढं अंडं शोधाल?